पाचशे मीटरच्या आत

सेक्रेटरी हे सोसायटीचे सेक्रेटरी कसे झाले, याला फारसा इतिहास नाही. वार्षिक सभेत 'आता सेक्रेटरी कोण' असा प्रश्न निघाला तेव्हा हजर असलेल्या सात सदस्यांपैकी सहा जणांनी माना खाली घातल्या आणि सातव्याने नेमकं त्याच क्षणी वर पाहिलं. तो सातवा म्हणजे हे. तेव्हापासून सगळी इमारत त्यांना सेक्रेटरी म्हणू लागली. बायको मात्र फक्त चिडली की म्हणायची. म्हणजे दिवसातून फार तर तीन-चार वेळा.

पोटापाण्यासाठी ते एका शाळेत भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचे सहायक होते. सव्वीस वर्षं लंबक, भिंगं आणि तराजू यांच्या संगतीत काढल्यामुळे त्यांच्या अंगी एक शिस्त मुरली होती: कुठलंही माप तीनदा घ्यायचं, सरासरी काढायची आणि मगच तोंड उघडायचं. लग्नाला होकार देण्याआधीही त्यांनी मुलीला तीनदा भेटायचा आग्रह धरला होता. "सरासरी उत्तम निघाली," असं ते अजूनही चारचौघांत कौतुकाने सांगत. बायको एका वाचनालयात काम करत असल्यामुळे शब्दांच्या बाबतीत काटेकोर होती, आणि 'सरासरी' हा शब्द बायकोसाठी वापरू नये असं तिचं स्पष्ट मत होतं.

तर एका रविवारी सकाळी पेपरात बातमी आली. महापालिकेचं नवं धोरण जाहीर झालं होतं. मेट्रोच्या स्टेशनपासून चालत पाचशे मीटरच्या आत जो प्लॉट असेल, तिथे जुनी इमारत पाडून जास्त मजल्यांची नवी बांधता येईल. कारण सरळ होतं. स्टेशनच्या आसपास जितकी माणसं राहतील तितक्या गाड्या रस्त्यावर कमी येतील.

सेक्रेटरींच्या इमारतीला तळमजला धरून चार मजले, बारा घरं आणि शून्य लिफ्ट. तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर, आणि त्या घराच्या मागच्या खिडकीत खुर्ची टाकून बसलेले त्यांचे थोरले बंधू, दादा. दादांनी एकतीस वर्षं शहराची बस चालवली होती. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचे दोन्ही गुडघे क्लचमध्ये राहिले आणि बाकीचे दादा तेवढे निवृत्त झाले. गेल्या चौदा महिन्यांत ते फक्त दोनदा खाली उतरले होते, आणि दोन्ही वेळा दवाखान्यासाठी. ज्या माणसाने सारं शहर पायाखाली, म्हणजे चाकाखाली घातलं, त्याचं शहर आता एका खिडकीएवढं उरलं होतं. खिडकीतून बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याचं आवार दिसायचं आणि त्याच्यापलीकडे स्टेशनचं निळं छत.

"धाकट्या," बातमी ऐकून दादा म्हणाले, "स्टेशन आपल्यापासून किती लांब रे?"

"दिसतंय की समोर."

"दिसतंय ते मलाही दिसतंय. किती लांब ते विचारतोय."

एकही रीडिंग न घेता उत्तर देणं सेक्रेटरींच्या स्वभावात नव्हतं. पण नवी इमारत म्हणजे लिफ्ट, आणि लिफ्ट म्हणजे दादा खाली, हे गणित दोघांच्याही डोक्यात एकदमच झालं.

त्याच संध्याकाळी मोजणी सुरू झाली. तळमजल्यावरच्या टेलरने आपली टेप देऊ केली आणि स्वतःही सोबत निघाला. कापड मोजायची टेप दीड मीटरची असते, आणि टेलरला मापं मोठ्याने सांगायची सवय होती, त्यामुळे रस्त्याने जाणाऱ्या दोन बायकांनी आपलं माप सांगितलं जातंय असं समजून मागे वळून पाहिलं. दोनशे बाराव्या टेपेला समोरून टेलरची जुनी गिऱ्हाईक आली, तिने ब्लाउजची चौकशी केली, टेलरने उद्याचा वायदा केला, आणि मागे वळून तो म्हणाला, "आपण कितीवर होतो?"

"दोनशे बारा," सेक्रेटरी म्हणाले.

"मला वाटतं एकशे बारा."

पहिलं रीडिंग बाद झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकल काढली. पुढच्या चाकाला लाल रिबीन बांधली, चाकाचा घेर तीनदा मोजला आणि सायकल हातात धरून चाकाचे फेरे मोजत ते स्टेशनपर्यंत गेले. रस्त्याने अंतर भरलं सातशे चौसष्ट मीटर. जिन्यात वाट बघत उभ्या असलेल्या सभासदांचे चेहरे पडले. पहिल्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी लगेच 'चालत' या शब्दाचा अर्थ काय लावायचा, यावर पाच मिनिटं सांगितलं. धावत गेल्यास ते चालत धरायचं का, असाही त्यांनी एक मुद्दा काढला. दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहत. कुठल्याही ठरावाला 'नको' म्हणण्यामुळे त्यांना सगळे नकोबा म्हणत. ते तेवढे प्रसन्न दिसले.

"बरं झालं," नकोबा म्हणाले. "उंच इमारती नकोत, गर्दी नको, लिफ्ट तर नकोच. बंद पडते."

"तुमची पडली आहे का कधी?"

"आपल्याकडे आहे कुठे पडायला?"

त्या रात्री जेवताना दादा म्हणाले, "तू रस्त्याने का गेलास?"

"मग कशाने जाणार?"

"लोक जातात तसं जायचं. कारखान्याच्या मागच्या भिंतीला भगदाड आहे. तिथून आत शिरतात, आवारातून सरळ पलीकडे, आणि निघाले स्टेशनसमोर. सकाळी साडेआठला निळ्या छत्रीवाली जाते. नऊला एक जाडे गृहस्थ, ते आडवे होऊन निघतात. मी सगळ्यांना ओळखतो."

सेक्रेटरी थक्क झाले. इतकी वर्षं याच इमारतीत राहून त्यांनी ते भगदाड वापरलं नव्हतं, कारण ते रस्ता नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते सायकल घेऊन भगदाडातून गेले. सायकल दोन्ही हातांनी उचलून विटांच्या ढिगावरून पलीकडे न्यावी लागली, शर्टाची बाही फाटली, पण तीन रीडिंगं मिळाली: चारशे सत्त्याण्णव, पाचशे एक, पाचशे. सरासरी चारशे नव्व्याण्णव पूर्णांक तेहतीस शतांश. टेलरने हे ऐकून दुकानातून बाहेर येऊन त्यांच्याशी हस्तांदोलन केलं.

आता फक्त नगररचना विभागाला सांगायचं बाकी होतं.

नगररचना विभागाच्या खिडकीमागे एक साहेब बसत. त्यांच्या खुर्चीवर एकावर एक दोन उशा होत्या, त्यामुळे ते खिडकीच्या चौकटीपेक्षा थोडे वर निघून जात आणि अर्जदाराला त्यांचा चेहरा बघायला वाकावं लागे. उशीवाल्या साहेबांनी नकाशा पसरला, त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "ही वाट नकाशावर नाही."

"पण लोक चालतात तिथून."

"लोक काय, कुठूनही चालतात. नकाशावर नाही म्हणजे वाट नाही. हवी असेल तर अर्ज द्या."

अर्ज लिहायला सेक्रेटरी घरी टेबलाशी बसले. विषय लिहिला: 'भिंतीतील भगदाडास सार्वजनिक पायवाट म्हणून मान्यता मिळणेबाबत.' बायकोने मागून वाचलं.

"भगदाड कशाला लिहिता? वाट लिहा."

"जे आहे ते लिहायचं. ते भगदाडच आहे."

"अहो, शब्दाने कामं होतात आणि शब्दानेच बिघडतात. 'येण्याजाण्याची जागा' लिहा हवं तर."

"विज्ञानात असं चालत नाही."

बायको म्हणाली, "बरं, सेक्रेटरी," आणि स्वयंपाकघरात गेली.

अर्जासोबत पुरावा जोडायचा होता: त्या वाटेने किती माणसं जातात. सेक्रेटरींनी शाळेतून तीन दिवस रजा घेतली, भगदाडापाशी स्टूल टाकलं आणि मोठी रजिस्टर वही घेऊन सकाळी सात वाजता बसले. वर खिडकीत दादाही वही घेऊन बसले, म्हणजे दोन रीडिंगं मिळतील.

वही घेऊन बसलेला माणूस दिसला की लोकांना काय काय वाटतं, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. पहिल्या तासाभरात एकाने पाणी कमी दाबाने येतं अशी तक्रार नोंदवली. एका बाईने फॉर्म कुठे मिळतो म्हणून विचारलं. कसला फॉर्म, ते तिलाही माहीत नव्हतं. तिच्या मागे आणखी दोघं उभी राहिली आणि बघता बघता रांग झाली. सेक्रेटरींनी सगळ्यांना हात जोडून सांगितलं की मी फक्त मोजतोय. "कशासाठी?" "तुम्ही जाता म्हणून." या उत्तराने लोक गोंधळत, पण खूशही होत. आपण जातो याची दखल घेणारं कोणीतरी आहे, हे त्यांना नवीन होतं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी वहीत एक जादा रकाना आखला: 'कुठे?' अर्जात त्याची गरज नव्हती. पण दादांनी वरून विचारून विचारून त्यांचं डोकं खाल्लं होतं आणि आता त्यांनाही चैन पडेना. निळ्या छत्रीवाली नर्स निघाली. छत्री उन्हासाठी नव्हती, लांबून ओळखू यावी म्हणून होती, कारण तिची मैत्रीण डोळ्यांनी अधू होती आणि पलीकडे तिची वाट बघत उभी राहायची. आडवे होऊन निघणारे गृहस्थ रोज उलट दिशेच्या गाडीत बसून आधी शेवटच्या स्टेशनला जात आणि तिथून बसायला जागा मिळवून पुन्हा उलटे येत. "बावीस मिनिटं जास्त लागतात," ते म्हणाले, "पण दिवसभरात मी बसतो ती तेवढीच. मी शोरूममध्ये उभा असतो." एक तरुण बाई पोहायला शिकवायला जायची. एक मुलगी रोज वेगळ्या स्टेशनवर उतरून बघायची, कारण तिला राहायला घर शोधायचं होतं आणि कुठल्या स्टेशनच्या बाहेर संध्याकाळी किती माणसं दिसतात यावर ती ठरवणार होती. सेक्रेटरींनी हे सगळं लिहून घेतलं. घरी गेल्यावर दादा वही हातातून हिसकावून घ्यायचे.

तीन दिवसांची सरासरी सेक्रेटरींच्या वहीत अकराशे त्रेचाळीस आली आणि दादांच्या वहीत अकराशे शेहेचाळीस. तीनचा फरक म्हणजे नकोबा. ते रोज दीड फेरी मारून, म्हणजे दोनदा जाऊन एकदा येऊन, काय चाललंय ते बघत होते, आणि मग लांबून रस्त्याने परत येत होते. हेतू नसलेल्या माणसाला मोजायचं की नाही, यावर दोघा भावांत जेवण होईपर्यंत वाद झाला.

अर्ज गेला. सेक्रेटरींना वाटलं, आता दोन-तीन महिने लागतील.

नवव्या दिवशी सकाळी अकरा वाजता महापालिकेची गाडी आली. चार कामगार उतरले, विटा उतरल्या, सिमेंट कालवलं गेलं आणि एक वाजायच्या आत भगदाड बुजलं. वर गिलावासुद्धा झाला. ही बातमी सेक्रेटरींना शाळेत फोनवर दादांनी दिली. "अरे, हे लोक चालायची वाट करताहेत की बंद करताहेत?" ते विचारत होते. "मी वरून ओरडलो तर त्यांनी मला हात केला."

संध्याकाळी पत्र आलं. नगररचना विभागाने 'भगदाड' हा शब्द वाचून अर्ज दुरुस्ती विभागाकडे पाठवला होता. 'धोकादायक भिंतीबाबत आपण जागरूक नागरिक या नात्याने केलेल्या तक्रारीबद्दल विभाग आपला आभारी आहे. सदर भगदाड त्वरित बुजवण्यात आले आहे.' बायकोने पत्र वाचलं, घडी केली आणि काही न बोलता परत दिलं. तिचं ते न बोलणं सेक्रेटरींना आठवडाभर ऐकू येत होतं.

पुढचे दिवस कठीण गेले. रोजची अकराशे माणसं आता लांबचा फेरा घेऊन याच इमारतीसमोरून जाऊ लागली, आणि त्यातल्या प्रत्येकाने तीन दिवस सेक्रेटरींना स्टुलावर बसलेलं पाहिलं होतं. नव्या गिलाव्यावर कोणीतरी खडूने सुबक अक्षरात लिहिलं, 'सेक्रेटरींच्या कृपेने'. सेक्रेटरींवरच्या रागापायी टेलरकडे जाता जाता कपडे टाकणारी गिऱ्हाइकं घटली आणि तो सेक्रेटरींशी फक्त मापापुरता बोलू लागला. वकीलबाईंनी अनाहूत सल्ला दिला की तुम्ही स्वतःविरुद्धच दावा लावू शकता, मुद्दा नवा आहे. नकोबा जिन्यात भेटले तेव्हा तर त्यांनी सेक्रेटरींच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्याकडून सहानुभूती मिळणं हा सेक्रेटरींना अपमानाचा तळ वाटला. ते शाळेत जायला पहाटेच निघू लागले.

एका संध्याकाळी ते अंधार करून बसले होते, तेव्हा दादा म्हणाले, "धाकट्या, एक गोष्ट मला कळत नाही. मी पुन्हा मोजली माणसं. आता इमारतीसमोरून सहाशे दहाच जातात."

"मग?"

"मग उरलेली पाचशे तेहतीस गेली कुठे?"

सेक्रेटरी मान खाली घालून बसले होते, ती वर झाली. हा प्रश्न खरोखरच चांगला होता. शाळेत गेल्या सव्वीस वर्षांत इतका चांगला प्रश्न कोणी विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते अपमान वगैरे विसरून, वही घेऊन पुन्हा बाहेर पडले. शिव्या खाल्ल्या, पण माहिती मिळाली. नर्सने पुन्हा स्कूटर काढली होती, आणि मैत्रीण आता एकटी जाते म्हणून तिच्या जिवाला घोर लागला होता. शोरूमवाले गृहस्थ कोणाच्या तरी गाडीतून जात होते. घर शोधणाऱ्या मुलीने हे स्टेशन यादीतूनच काढून टाकलं होतं. अडीचशे मीटरच्या फेऱ्याने निम्मी माणसं मेट्रो सोडून रस्त्यावर आली होती.

ही वही घेऊन ते पुन्हा नगररचना विभागात गेले, पण या खेपेला उशीवाल्या साहेबांना टाळून वर गेले. सगळ्यात वरच्या मजल्यावर जिन्यापाशी एक लहान खोली होती. तिच्यात नकाशांच्या गुंडाळ्यांमध्ये एक तरुण बाई बसलेली होती. ती नियोजनकार होती, आणि तिच्याकडे कोणी अर्जदार कधी येतच नव्हता, त्यामुळे सेक्रेटरींना पाहून तिला वाटलं, ते पंखा दुरुस्त करायला आलेत.

"पंखा तो," ती म्हणाली.

सेक्रेटरींनी सवयीने पंखाही पाहिला. मग वही पुढे केली. तिने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि 'कुठे?' हा रकाना आल्यावर खुर्ची ओढून नीट बसली.

"हे आकडे तुम्हाला कोणी दिले?"

"मी आणि दादांनी घेतले. तीन दिवसांची सरासरी आहे."

"मी वर्षभर हेच मागतेय," ती म्हणाली. "आम्ही नकाशावर स्टेशनभोवती कंपासने गोल काढतो. गोलात किती घरं बसतात ते मोजतो. पण माणूस कंपासच्या रेषेने चालत नाही, भिंतीला वळसा घालून चालतो. हे पुराव्यासकट मला कोणी दाखवलंच नव्हतं. हे आडवे होऊन निघणारे गृहस्थ कोण?"

ती पाऊण तास वही वाचत होती. शेवटी म्हणाली, "आवाराच्या मालकाने सहा फुटांची पट्टी वाटेसाठी दिली, तर मी ती नकाशावर आणते. नगररचनाच्या भाषेत लिहिते. तुम्ही काही लिहू नका."

कारखान्याच्या मालकीणबाई आवाराच्याच कोपऱ्यातल्या बंगलीत एकट्या राहत. सत्तरीच्या, ताठ, आणि कोणाशी न बोलणाऱ्या अशी त्यांची ख्याती होती. सेक्रेटरी बायकोला सोबत घेऊन गेले. शब्दांची जबाबदारी तिच्याकडे राहील, असं त्यांनी आधीच कबूल केलं होतं. पण दार उघडताच मालकीणबाईंनीच विचारलं, "माझं भगदाड कोणी बुजवलं?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. यासाठी तिच्याजवळ शब्द नव्हते.

"मी," सेक्रेटरी म्हणाले. "म्हणजे तसा हेतू नव्हता."

मालकीणबाईंनी त्यांना आत बसवलं. मग त्यांनी भगदाडाची हकिगत सांगितली. कारखाना चालू होता तेव्हा आवारात दोनशे माणसांची ये-जा असायची. बंद पडला आणि इतकी शांतता झाली की त्यांना झोप येईना. एका वर्षी भिंतीच्या चार विटा निखळल्या आणि एक शाळकरी मुलगी त्यातून वाकून आवारातून गेली. तिच्या पावलांचा आवाज त्यांना बरा वाटला. "मग बाकीच्या विटा मी काढल्या," मालकीणबाई म्हणाल्या. "रोज दोन-दोन. माळ्याला वाटायचं, लोकच काढतात. मी ओरडले नाही कधी. ओरडले असते तर लोक यायचे थांबले असते."

"पण मग तुम्ही सरळ फाटक का नाही ठेवलंत?" बायकोने विचारलं.

"फाटक ठेवलं की लोक विचारतात, जाऊ का. आणि परवानगी विचारायला लागली की माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही."

सेक्रेटरींनी वही त्यांच्यासमोर ठेवली. मालकीणबाईंनी चष्मा लावला आणि नावं नसलेली ती सगळी माणसं एक एक करून वाचली. पावलं त्यांच्या ओळखीची होती. ती कुठे जातात हे आज कळत होतं. पोहायला शिकवणाऱ्या बाईपाशी त्या थांबल्या. "ही धावत जाते. मला वाटायचं, रोज उशीर होतो तिला. धावायची सवयच असेल." मग त्यांनी पट्टी दिली. अट एकच घातली: दिवा लावा, पण दार लावू नका.

नियोजनकार बाईंनी शब्द दिल्याप्रमाणे कागद हलवले. चार महिन्यांनी भिंत पुन्हा पाडली गेली, तीही त्याच चार कामगारांनी. त्यांच्यातला एक जण म्हणाला, की आम्ही चांगली बांधली होती. पायवाट झाली, दिवे लागले आणि मोजणीचा दिवस ठरला.

त्या दिवशी सगळी इमारत खाली उतरली होती, दादा सोडून. ते खिडकीत होते. नियोजनकार बाईंनी लांब दांड्याचं मोजणीचं चाक आणलं होतं. स्टेशनच्या दारापासून निघून चाक पायवाटेने आलं, भिंतीतून बाहेर पडलं, इमारतीला वळसा घालून पुढच्या फाटकापाशी थांबलं. बाईंनी आकडा वाचला.

"पाचशे सहा."

सगळे सेक्रेटरींकडे बघू लागले.

"शक्य नाही," सेक्रेटरी म्हणाले. "चारशे नव्व्याण्णव पूर्णांक तेहतीस. तीन रीडिंगं आहेत." मग त्यांची नजर बाईंच्या चाकावर गेली. भगदाडातून सायकल त्यांनी दोन्ही हातांनी उचलून नेली होती, तिन्ही वेळा, आणि हवेत असलेलं चाक फिरत नाही. चूक तीनदा केली की तिची सरासरीही चूकच येते, हे सव्वीस वर्षांत त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने कबूल केलं. कान लाल झाले होते, पण आवाज शाळेत फळ्यापाशी उभं राहून बोलावं तसा स्पष्ट होता.

बाई धोरणाचा कागद चाळत होत्या. "इमारतीच्या फाटकापर्यंत असं कुठे म्हटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "प्लॉटच्या प्रवेशापर्यंत असं आहे. मागच्या बाजूला दार ठेवलंत तर वळसा वाचेल."

मागच्या बाजूला नेमक्या त्याच जागी नकोबांच्या अठरा कुंड्या होत्या. त्यांना कोणी हात लावलेला नकोबांना खपत नसे. एकदा मांजर बसली म्हणून त्यांनी लेखी निषेध नोंदवला होता. सगळ्यांच्या नजरा आता तिकडे वळल्या. नकोबांनी कुंड्यांकडे पाहिलं, वर खिडकीतल्या दादांकडे पाहिलं, आणि बाह्या सरसावल्या.

"कोणी हात लावायचा नाही," ते म्हणाले. "मी उचलतो."

अठरा कुंड्या हलवायला त्यांना वीस मिनिटं लागली. कोणी मदतीला पुढे झालं की ते डोळे वटारत. चाक पुन्हा स्टेशनपासून आलं. चारशे अठ्ठ्याऐंशी. टेलरने टाळी वाजवली आणि वकीलबाईंनी सेक्रेटरींना सांगितलं की हे आजच्या आज लिहून घ्या, तारखेसह.

तेवढ्यात वरून हाक आली. "मला खाली आणा."

दादांना खुर्चीसकट उतरवायला चार माणसं लागली. जिन्याच्या प्रत्येक वळणावर टेलर "दीड इंच डावीकडे" असं सांगत होता. खाली आल्यावर सगळ्यांना वाटलं, दादा थोडा वेळ बसतील, हवा खातील. दादांनी काठी मागितली.

"चारशे अठ्ठ्याऐंशी ना? मग बघतो."

"दादा, उगाच हट्ट नको," बायको म्हणाली. "गाडी बोलावू."

"गाडीने किती होतं ते मला माहीत आहे. एकतीस वर्षं तेच केलं."

ते निघाले. सेक्रेटरी एका बाजूला, नियोजनकार बाई दुसऱ्या बाजूला, हातात चाक तसंच. शंभर मीटरवर दादा थांबले आणि भिंतीला टेकले. पुढे कारखान्याच्या शेडच्या सावलीत थांबले. तिसऱ्यांदा थांबले तिथे टेकायलाही काही नव्हतं, तेव्हा ते सेक्रेटरींच्या खांद्यावर पूर्ण भार टाकून उभे राहिले. येणारी-जाणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती. दादा त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. वरून त्यांना इतके दिवस फक्त टाळू दिसायचे.

"तुम्ही नर्स ना?" त्यांनी निळ्या छत्रीवालीला थांबवून विचारलं. "मैत्रीण कशी आहे?"

ती चक्रावून हो म्हणाली आणि पुढे गेली. थोडं पुढे जाऊन तिने मागे वळून पाहिलं.

पोहोचायला एकेचाळीस मिनिटं लागली. स्टेशनच्या पायरीशी दादा बसले, दम खाल्ला आणि म्हणाले, "आता एक स्टेशन जाऊन येऊ."

"मोजायला?" सेक्रेटरींनी विचारलं.

"बघायला रे. सगळंच काय मोजतोस?"

इमारतीची फाइल अजून पुढे सरकते आहे. कधी एका टेबलावर, कधी दुसऱ्या. बांधकामाला अजून अवकाश आहे आणि नकोबांना आता लिफ्ट दोन हव्यात, कारण एक बंद पडते. पायवाटेचा पक्का नकाशा मात्र छापून आला. त्यात वाटेच्या कडेला तीन लहान चौकोन आहेत, एकमेकांपासून विषम अंतरावर. कुठल्याही नियमात ही अंतरं बसत नाहीत, म्हणून उशीवाल्या साहेबांनी फाइलवर शेरा मारला होता, 'कशाच्या आधारे?' नियोजनकार बाईंनी खाली लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहणी'.

ते तीन बाक आता तिथे आहेत. दर शनिवारी चौघं जण दादांना खाली आणतात. तिसऱ्या बाकावर मालकीणबाई आधीच येऊन बसलेल्या असतात. जाणाऱ्यांच्या पावलांवरून त्या सांगतात कोण येतंय, आणि दादा त्यांना सांगतात ते कुठे चाललंय. एखादं पाऊल दोघांनाही अनोळखी निघालं, तर दादा त्या माणसाला थांबवून विचारतात.